वरातीचा घोडा का लंगडतो?

तुळशीचे लग्न झाले की आपल्या भेस्तान, पांडेसरा, उधना भागात वराती निघू लागतात. पुढे बँड, मागे वऱ्हाड आणि मधोमध सजवलेल्या घोड्यावर नवरदेव. बालगोपाळ मंडळी नवरदेवापेक्षा घोड्याकडेच जास्त पाहतात. झूल, गोंडे, कपाळावरचा तुरा हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. घोड्याच्या पायाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. खरे म्हणजे घोड्याची सगळी कमाई त्या चार पायांवर असते आणि त्याचे बरेचसे दुखणेही तिथेच सुरू होते.

विज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले होते, ‘‘सर, नाल ठोकताना घोड्याला दुखत नाही का?’’ प्रश्न चांगला होता. त्याचे एका ओळीतले उत्तर असे : खिळा योग्य जागी बसला तर दुखत नाही, चुकला तर फार दुखते. पण योग्य जागा कोणती आणि चुकीची कोणती, हे समजायला खुराच्या आत काय असते ते पाहावे लागेल. या लेखात तेवढेच करायचे आहे. त्यातही खुरातल्या कूर्चेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपला उजवा हात टेबलावर ठेवा. चार बोटे उचला आणि फक्त मधल्या बोटाचे टोक टेबलाला टेकवा. घोडा असाच उभा असतो! त्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट, तेही मधले. खूर म्हणजे त्या बोटाचे नख होय. ज्याला आपण घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो, तो खरे तर त्याचे मनगट आहे. साडेतीनशे-चारशे किलो वजनाचे जनावर चार नखांवर तोलले जाते आणि धावताना काही क्षण तर सगळा भार एकाच नखावर येतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणून पायाचे विकार पुढच्या पायात अधिक आढळतात.

नख म्हटल्यावर ते वाढणारच. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. वरच्या कडेला, जिथे केस संपतात आणि खूर सुरू होतो तिथे, आज तयार झालेला भाग पुढच्या टोकाशी जमिनीला टेकायला नऊ महिने ते वर्ष लागते. नाल लावलेला असला की खूर झिजत नाही, फक्त वाढत राहतो. त्यामुळे दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून, नाल पुन्हा बसवावा लागतो. नालबंदाचा हा खर्च टाळला की खूर पुढे लांबतो, टाच खाली बसते आणि आतल्या सगळ्या सांध्यांचा तोल बिघडतो.

आता खुराच्या आत जाऊ. बाहेरच्या नखाच्या कवचात एक हाड असते, त्याचा आकार छोट्या खुरासारखाच असतो. या हाडाला मागे दोन बाजूंनी दोन पंख फुटल्यासारखे दिसतात. त्या पंखांवर एकेक चपटी, लवचीक पाटी उभी असते. हीच खुराची कूर्चा. काही पुस्तकांत तिला कास्थी म्हटले आहे. कूर्चा म्हणजे काय हे कळायला घोडा लागत नाही. आपला कान दुमडून सोडा, तो लगेच सरळ होतो. कानात हाड नाही, कूर्चा आहे. खुरातल्या कूर्चेची रचना थोडी वेगळी आणि अधिक दणकट असते, पण दबून पुन्हा जागेवर येण्याचा गुण तोच.

या दोन पाट्यांचा वरचा भाग खुराच्या कडेबाहेर, टाचेकडच्या कातडीखाली येतो. त्यामुळे जाणकार माणूस तिथे अंगठ्याने दाबून कूर्चा नरम आहे की कडक हे सांगू शकतो. (मुलांनी हा प्रयोग करू नये. घोड्याच्या पायाशी वाकणे हे घोडेवाल्याचे किंवा पशुवैद्याचे काम आहे.) दोन्ही पाट्यांच्या मधल्या जागेत मऊ गादीसारखा भाग असतो आणि त्याच्या खाली, तळव्यावर, टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा त्रिकोण. पाय जमिनीवर पडला की त्रिकोण वर दाबला जातो, गादी चेपते, दोन्ही कूर्चा बाहेरच्या बाजूला किंचित फाकतात आणि टाच रुंद होते. हे फाकणे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असते, डोळ्यांना दिसत नाही.

एवढ्याशा हालचालीचा उपयोग काय? कूर्चेच्या आजूबाजूला बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पाय पडताना हे जाळे दाबले जाऊन रक्त वर ढकलले जाते, पाय उचलला की पुन्हा भरते. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच, नुसती हाडे आणि दोरासारखे स्नायुबंध. तेव्हा खालचे रक्त हृदयाकडे परत पाठवायला चालण्याची ही क्रिया मोठीच मदत करते. म्हणून दिवसभर एका जागी बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे संशोधक रॉबर्ट बोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असे मांडले की, पावलाचा धक्का जिरवण्याचे कामही मुख्यतः कूर्चेतून आणि तिच्या भोवतीच्या वाहिन्यांतून वाहणारे रक्तच करते. गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये तेल जे करते तेच इथे रक्त करते, अशी कल्पना करा.

आता नालेच्या खिळ्याचे उत्तर मिळते. खुराची बाहेरची भिंत म्हणजे मेलेले नख, तिथे ना रक्त, ना वेदना. खिळा त्या भिंतीतून वर चढून बाहेर पडला की झाले. पण तो आतल्या बाजूला गेला तर जिवंत भागात घुसतो. शिवाय चांगला नालबंद खिळे पुढच्या अर्ध्या भागात मारतो, टाचेकडे मारत नाही. टाचेला खिळे ठोकले की ती फाकू शकत नाही आणि वर सांगितलेली सगळी यंत्रणा जखडून जाते. आपल्याकडचे अनेक नालबंद हे कोणत्याही पुस्तकाशिवाय, हाताखाली शिकून जाणतात. त्यांच्या या विद्येला कुठेही प्रमाणपत्र मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वयाबरोबर किंवा सतत ताण पडल्याने या कूर्चेचे हळूहळू हाड होऊ लागते. ही क्रिया खालून, म्हणजे जिथे कूर्चा हाडाला चिकटलेली असते तिथून सुरू होऊन वर सरकते. घोड्यांच्या व्यवहारात तिला ‘साइडबोन’ म्हणतात. एक्स-रे काढला की किती उंचीपर्यंत हाड झाले आहे ते दिसते आणि त्यावरून शून्य ते पाच अशी श्रेणी देतात. बहुधा पुढच्या पायात आणि बाहेरच्या बाजूच्या कूर्चेत हा बदल जास्त आढळतो. फिनलंडमध्ये तिथल्या देशी घोड्यांवर यासंबंधी बराच अभ्यास झाला. बहुतेक घोड्यांत थोडाफार बदल दिसला आणि तो आईबापांकडून पिलांकडे येतो असेही आढळले. म्हणजे सगळा दोष रस्त्याचा किंवा नालबंदाचा नसतो.

भारी वजनाच्या, ओझे ओढणाऱ्या जातींत साइडबोन विशेष दिसते. आपल्या काठियावाडी, मारवाडी किंवा भीमथडी यांसारख्या हलक्या घोड्यांत ते त्या मानाने कमी असते. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०५ पर्यंत चालली. त्या कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असे सांगतात. दगडी रस्त्यावरून, भरलेला डबा ओढत, दिवसातून कित्येक वेळा थांबायचे आणि पुन्हा जोर लावून निघायचे. अशा कामात खुराच्या मागच्या भागाला किती हिसके बसत असतील याचा अंदाज आपण करू शकतो. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले ते याच काळात. शहरातली वाहतूक तेव्हा घोड्याबैलांच्या पायावर चालत होती, त्यामुळे लंगडेपणाचा उपचार ही हौस नव्हती, गरज होती. पुढे विजेची ट्राम आली, मोटार आली, घोडा मागे पडला. शेवटी राहिलेल्या व्हिक्टोरियासुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले.

आता महत्त्वाचा मुद्दा. कूर्चेचे हाड झाले म्हणजे घोडा लंगडणारच, असे नाही. अनेक घोडे मोठे साइडबोन घेऊन आयुष्यभर बिनतक्रार चालतात. बदल सावकाश झाला, दोन्ही बाजूंना सारखा झाला, तर शरीर जुळवून घेते. जनावरांच्या बाजारात मात्र याचा दोन्हीकडून गैरफायदा घेतला जातो. कडक कूर्चा दाखवून घेणारा भाव पाडतो आणि खरोखर लंगडणाऱ्या घोड्याला ‘‘वयामुळे जरा आखडलाय, चालला की मोकळा होईल’’ असे सांगून विकणारा खपवतो. दोघांचेही ऐकू नये.

त्रास होतो तो काही ठराविक वेळी. हाड खूप उंच वाढले आणि वेडावाकडा हिसका बसला तर ते तळाशी मोडू शकते. एका बाजूला खूप वाढून दुसऱ्या बाजूला कमी राहिले, तर सांध्याजवळचे अस्थिबंध ताणले जातात. कधी मूळ हाडालाच आतून मार लागतो, तो साध्या एक्स-रेत दिसतही नाही, त्याला एमआरआय लागतो. म्हणून पशुवैद्य आधी दुखणे नेमके कुठे आहे हे शोधतात. टाचेजवळच्या नसेला बधिर करणारे इंजेक्शन देतात आणि घोडा पुन्हा चालवून पाहतात. लंगडणे थांबले तर घोडं तिथेच पेंड खात होतं, हे कळते! या बाबतीत म्हण शब्दशः खरी ठरते.

झालेले हाड पुन्हा कूर्चा होत नाही. तसे औषध नाही. विश्रांती, खूर दोन्ही बाजूंनी सारखा तासणे, टाचेला पुरेसा आधार देणारा रुंद नाल आणि काही दिवस वेदनाशामक, एवढाच उपचार आणि पुष्कळदा तो पुरतो. वेदनाशामक देऊन त्याच रात्री वरातीला नेणे हा मात्र उपचार नव्हे. दुखत नाही म्हणून घोडा त्या पायावर पूर्ण भार टाकतो आणि इजा वाढते. गावाकडे लंगड्या जनावराला डागण्याची जुनी पद्धत आहे. तापलेल्या लोखंडाने कातडी जळते, आतल्या कूर्चेला किंवा हाडाला त्याचा काही उपयोग होत नाही. डागल्यावर घोडा बरा झाला असे वाटते, कारण जखमेमुळे त्याला पंधरा-वीस दिवस कामाला लावत नाहीत. गुण विश्रांतीचा, नाव डागाचे.

कूर्चेचा दुसरा विकार अधिक गंभीर आहे, तो म्हणजे ती सडणे. खुराच्या कडेवर तारेने कापले, दुसऱ्या पायाची टाप लागली किंवा आत गेलेल्या खिळ्याचा पू वर चढला की जंतू कूर्चेपर्यंत पोचतात. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा फार थोडा, त्यामुळे शरीराचे रक्षक तिथे पुरेसे पोचत नाहीत आणि औषधही पोचत नाही. सडलेला तुकडा आत राहतो. वर खुराच्या कडेला एक छिद्र पडते, त्यातून पू येतो, ते भरते, घोडा बरा वाटतो आणि महिन्याभरात पुन्हा फुटते. मालक मलम बदलत राहतो. हा विकार बहुधा शस्त्रक्रिया करून सडका भाग काढल्याशिवाय बरा होत नाही. जितका उशीर तितका सांध्याला धोका. खुराच्या कोणत्याही जखमेबाबत आणखी एक गोष्ट पालकांनीही लक्षात ठेवावी : घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. जखम छोटी दिसली तरी धनुर्वाताच्या लसीची चौकशी पहिल्याच दिवशी करायला हवी.

लंगडणे ओळखायचे कसे? रस्त्यावर उभे राहून कोणालाही जमेल. घोडा दुडक्या चालीने चालत असताना त्याच्या डोक्याकडे पाहा. दुखरा पुढचा पाय जमिनीवर पडला की तो डोके वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. चांगला पाय पडला की डोके खाली येते. म्हणजे डोके खाली जाते तेव्हा जो पाय टेकलेला असतो तो निरोगी आणि त्याच्या जोडीचा आजारी. मागचा पाय दुखत असेल तर कंबरेच्या दोन्ही बाजू असमान वरखाली होतात, ते ओळखायला थोडा सराव लागतो. उभा घोडा एक पुढचा पाय सतत पुढे काढून ठेवत असेल तरी शंका घ्यावी. मागचा पाय सैल सोडून उभे राहणे मात्र साधी विश्रांती असते.

वराती ठरवण्यापूर्वी घरच्यांनी घोडा दिवसा, झूल नसताना, एकदा चालवून पाहायला काय हरकत आहे? लगाम सैल ठेवायला सांगावे. लगाम घट्ट धरला की डोके हलत नाही आणि लंगडणे लपते. आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव खान्देशात आहे. त्यांना सारंगखेड्याची यात्रा सांगायला नको. आपल्या सुरतेतून वाहणाऱ्या तापीच्याच काठी, नंदुरबार जिल्ह्यात, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने दोंडाईच्याला उतरून तिथे जाता येते. तिथे मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची रेवाल चाल दाखवतात. चाल दिसायला फार सुरेख, बसणाऱ्याच्या हातातले पाणी सांडणार नाही अशी. पण रेवाल चालीत डोक्याचे झटके नीट कळत नाहीत. म्हणून जाणते गिऱ्हाईक घोडा दुडकीवर, कडक जमिनीवर आणि दोन्ही बाजूंना गोल फिरवून पाहते. मऊ वाळूत बरेच दोष झाकले जातात.

आता एक गोष्ट सांगतो, ती कूर्चेची नाही, पण आपल्या वरातींत घडते म्हणून सांगितलीच पाहिजे. वऱ्हाडी मंडळी प्रेमाने घोड्याला गूळ, हरभरे, पेढे, लाडू भरवतात. जो येतो तो घास देतो. एकदम जास्त धान्य किंवा गोड पोटात गेले की आतड्यात आंबते, त्यातले विष रक्तात जाते आणि खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजतात. खूर गरम होतात, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्यावर रेलतो, पाऊल टाकत नाही. पुढे आतले हाड खाली फिरू शकते आणि मग तो घोडा कायमचा गेला. एका पायाने फार दिवस लंगडणाऱ्या घोड्याच्या दुसऱ्या पायालाही, सगळा भार त्यावर आल्याने, हाच रोग होऊ शकतो. म्हणून पहिल्या लंगडण्याकडे दुर्लक्ष महाग पडते. घोड्याला काही द्यायचेच असेल तर घोडेवाल्याला विचारून मूठभर चारा द्यावा.

रस्त्याचाही विचार हवा. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने तिथे चारशेहून अधिक घोडे पर्यटकांना आणि सामानाला नेतात आणि अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटते. तिथल्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवू लागल्यावर घोडेवाल्यांनी तक्रार केली की, उतारावर घोडे घसरतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने तिथल्या माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. पेव्हरच्या या वादात ई-रिक्षामुळे धंदा जाण्याची भीतीही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नाल लावलेला खूर गुळगुळीत, ओल्या उतारावर घसरतो हे भौतिकशास्त्र आहे, आणि घसरताना सावरायला दिलेला आडवा हिसकाच खुराच्या कडेच्या भागांना सर्वांत वाईट. आपल्याकडचे काँक्रीटचे रस्ते आणि त्यांवरची गटारांची लोखंडी झाकणे वरातीच्या घोड्याला तितकीच अवघड आहेत.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार आजारी, जखमी किंवा अन्य कारणाने अपात्र असलेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे. तक्रार करण्यापूर्वी घोडेवाल्याशी नीट बोलावे हे बरे. त्याचे वर्षाचे उत्पन्न लग्नाच्या थोड्या तिथींवर असते, आणि एक तिथी बुडाली तर त्याला दाणावैरणीचा प्रश्न पडतो. आगाऊ दिलेली रक्कम परत न मागता दुसरा घोडा आणायला सांगितले, तर बहुतेक जण ऐकतात.

आपल्या भागाला सोय जवळच आहे. नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुजरातमध्ये १९६२ या क्रमांकावर पशुरुग्णवाहिकेची सेवा मिळते. शहरात ती मुख्यतः बेवारस जनावरांसाठी आहे, त्यामुळे मालक असलेल्या घोड्यासाठी खासगी पशुवैद्य किंवा सरकारी दवाखाना गाठावा. तोपर्यंत घोडा कोरड्या, मऊ जागेवर उभा ठेवावा, खिळा रुतलेला दिसला तर डॉक्टर येण्यापूर्वी तो कोणत्या जागी आणि किती तिरका गेला आहे याची खूण करून ठेवावी आणि शक्यतो तो ओढून काढू नये, कारण खिळा जागेवर असताना काढलेल्या एक्स-रेवरूनच तो कूर्चेपर्यंत पोचला की नाही हे डॉक्टरांना कळते.